पान आपले, परीक्षा परक्यांची

खोकल्याच्या औषधाची बाटली नाही, असे मध्यमवर्गीय घर आज शोधूनही सापडणार नाही. त्या बाटलीच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत ‘ब्रोमहेक्झिन’ किंवा ‘अँब्रोक्सॉल’ असे एखादे नाव छापलेले असते. डॉक्टरांनी ते चिठ्ठीवर लिहिले, औषधविक्रेत्याने काढून दिले आणि आपण ते निःशंक मनाने घेतले. या निःशंकतेला कोणी अंधश्रद्धा म्हणत नाही. त्याच घरातील आजी मात्र परसातल्या अडुळशाची पाने आणून, वाफवून, पिळून त्यांचा रस मधातून द्यायला निघाली, की शिकलेला नातू विचारतो, “आजी, हे कुठे सिद्ध झालंय का?”

नातवाला ठाऊक नसते ते असे : ब्रोमहेक्झिन हा रेणू अडुळशाच्या पानातील व्हॅसिसिन या द्रव्याचा धागा पकडून प्रयोगशाळेत घडवला गेला. एका जर्मन कंपनीने तो १९६३ साली बाजारात आणला. अँब्रोक्सॉल हे त्याचेच पुढचे अपत्य. म्हणजे आजीच्या वाटीतला रस आणि नातवाच्या चमच्यातले सिरप यांचे कूळ एकच. फरक इतकाच, की एकाच्या पाठीशी शतकभराची रासायनिक वंशावळ आहे आणि दुसऱ्याच्या पाठीशी केवळ आजीचा शब्द.

ही वंशावळ वाचण्यासारखी आहे. अडुळशाच्या पानातून व्हॅसिसिन प्रथम वेगळे काढले ते १८८८ साली, डेव्हिड हूपर या इंग्रजाने. हा मनुष्य नीलगिरीतील उटकमंडला मद्रास सरकारच्या सिंकोना लागवडीवर रसायनज्ञ म्हणून नेमलेला होता. पुढे मुंबईचे डायमॉक आणि वॉर्डन यांच्या जोडीने त्याने ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा हिंदुस्थानी औषधींवरचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. कास, श्वास आणि रक्तपित्त यांवर वासा, म्हणजे अडुळसा, हे आपल्या संहितांत शतकानुशतके लिहिलेले होते. काष्ठौषधींच्या दुकानातला पोऱ्याही ते सांगू शकला असता. हूपरने फक्त पुढचा प्रश्न विचारला : या पानात असे काय आहे? त्याचे उत्तर पुरे व्हायला १९३० चे दशक उजाडले. व्हिएन्नातल्या रसायनज्ञांनी रेणूच्या रचनेचा बराचसा उलगडा केला आणि मग जर्मनीत औषध झाले. झाड आपले, वापर आपला, ग्रंथ आपले. आणि ‘यात काय आहे’ हा एक प्रश्न तेवढा परक्यांचा.

दोष त्या जर्मन कंपनीच्या माथी मारून आपली सुटका होत नाही. तिने कोणाच्या परसातले झाड उपटून नेले नाही. अडुळसा आजही रस्त्याच्या कडेला, कुंपणाला, शाळेच्या आवारात उभा आहे आणि ज्याला प्रश्न विचारायचा आहे त्याला उत्तर द्यायला तो तयार आहे. आपण विचारला नाही, हे खरे दुखणे.

हा प्रश्न न विचारणारे आपल्या समाजात दोन प्रकारचे लोक आहेत. पहिला प्रकार वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. मेकॉलेच्या शाळेत घडलेली ही मंडळी आयुर्वेदाचे नाव काढताच ओठ मुडपतात. ‘काढे-चाटणांनी रोग बरे झाले असते तर’ हे त्यांचे आवडते वाक्य. तेच पान परदेशातून गोळी होऊन परत आले, की मात्र हे रांगेत पहिले. विज्ञानाचा उद्घोष ते अहोरात्र करतात. परंतु एखाद्या दाव्याची परीक्षाच करायची नाही, तो देशी आहे म्हणून आधीच फेटाळायचा, या वृत्तीत विज्ञान कुठे आहे? परीक्षेपूर्वी दिलेला नकार हाही पूर्वग्रहच. या वर्गाविषयी या पानांतून पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून अधिक लिहीत नाही.

दुसरा प्रकार आपल्या घरातला आहे आणि आज मुख्यतः त्याच्याशी भांडायचे आहे. ‘ऋषिमुनींनी सर्व सांगून ठेवले आहे, पाश्चात्त्यांच्या नळ्या-चंचुपात्रांचे प्रमाणपत्र आम्हाला कशाला हवे?’ असे म्हणणारे सज्जन आपल्या सभा-संमेलनांत टाळ्या मिळवतात. ऐकायला हे स्वाभिमानी वाटते. प्रत्यक्षात ही आळसाला चढवलेली भगवी झूल आहे. चरक-सुश्रुतांचे नाव घ्यायचे आणि त्यांनी आयुष्यभर केले ते निरीक्षण, तुलना, परीक्षा मात्र करायची नाही! संहिता पाठ असणे वेगळे आणि संहिताकारांची वृत्ती अंगी असणे वेगळे.

ती वृत्ती कशी होती, हे मूळ ग्रंथांत उघडून पाहावे. चरकांनी सूत्रस्थानात चित्रक आणि दंती यांचे उदाहरण घेतले आहे. दोघांचा रस कटू, विपाक कटू, वीर्य उष्ण. तरीही दंतीने रेच होतो, चित्रकाने होत नाही. आपल्या सिद्धान्तात न बसणारे हे निरीक्षण आचार्यांनी दडवले नाही. रस-वीर्य-विपाकांनी ज्याचा उलगडा होत नाही त्याला त्यांनी ‘प्रभाव’ हे स्वतंत्र नाव दिले आणि पुढच्यांसाठी जागा मोकळी सोडली. आजचा रसायनज्ञ त्याच मोकळ्या जागेत उभा राहून विचारतो, की दंतीत असे कोणते द्रव्य आहे जे चित्रकात नाही? हा प्रश्न चरकविरोधी कसा? तो तर चरकांचाच अपुरा राहिलेला प्रश्न आहे.

पानांच्या बाबतीत तर असे तयार प्रश्न ग्रंथांत पानोपानी आहेत. कोवळ्या डहाळ्या आणि पाने वर्षा आणि वसंत या ऋतूंत घ्यावीत, असे चरकांनी कल्पस्थानात सांगितले. सुश्रुतांनी ऋतूंची अशी सरधोपट वाटणी करणाऱ्या काही आचार्यांचे मत नोंदवले आणि ते नाकारून द्रव्य सौम्य की आग्नेय यावर काळ ठरवावा, असे आपले मत मांडले. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी याविषयी खुला मतभेद होता! एकाच झाडाच्या पानातील द्रव्यांचे प्रमाण ऋतू, वय आणि जमीन यांनुसार बदलते, हे आजच्या रसायनशास्त्रात सर्वमान्य आहे. मग चरक आणि सुश्रुत यांच्यातला हा वाद प्रयोगशाळेत नेऊन, वनस्पतीगणिक, महिन्यागणिक मोजून तडीस नेण्याची हौस आपल्या किती आयुर्वेद महाविद्यालयांना वाटली?

दुसरे उदाहरण पंचविध कषायकल्पनांचे. स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. ताजे पान पिळून काढलेला रस, वाटून केलेला गोळा, उकळून केलेला काढा, थंड पाण्यात रात्रभर भिजवलेले, गरम पाण्यात घालून गाळलेले. रसायनशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर पानातली द्रव्ये बाहेर काढण्याच्या या पाच निरनिराळ्या रीती आहेत. एखादे द्रव्य उकळल्याने नाश पावते, एखादे थंड पाण्यात उतरतच नाही. अडुळशाच्या पानांचा रस सहज निघत नाही, म्हणून शार्ङ्गधराने त्यासाठी पुटपाकाची कृती दिली : पानांचा कल्क दुसऱ्या पानांत गुंडाळायचा, वरून मातीचा लेप द्यायचा, अग्नीत भाजायचा आणि मग पिळायचा. आजीचे ‘वाफवून पिळणे’ हे त्याचेच घरगुती रूप. कारखान्यात मात्र सरसकट सगळी पाने एकाच पिंपात उकळली जातात आणि बाटलीवर ऋषींचे चित्र छापले जाते. ग्रंथांवर अन्याय कोण करतो आहे?

या एका बारकाव्याचे मोल काय असू शकते, हे चीनने जगाला दाखवले. १९६७ साली तेथे मलेरियावरच्या औषधाचा शोध सरकारी आज्ञेने सुरू झाला. तू यूयू या संशोधिकेने शेकडो जुने पाठ चाळले. आर्टेमिसिया ॲनुआ या वनस्पतीचा अर्क कधी गुण देई, कधी देत नसे. तेव्हा तिला चौथ्या शतकातील ग हाँग या वैद्याच्या ग्रंथातली कृती आठवली. त्याने ती वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस प्यायला सांगितला होता, उकळायला नव्हे. उष्णतेने गुण नाहीसा होत असावा, असा तर्क करून तिने कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला. शिवाय गुण पानांत आहे, देठांत नाही, हेही पारखले. ऑक्टोबर १९७१ मध्ये प्राण्यांवरील प्रयोग पूर्ण यशस्वी झाला. औषध रुग्णांना देण्यापूर्वी तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी ते स्वतः घेऊन पाहिले. आर्टेमिसिनीनने पुढे लक्षावधी प्राण वाचवले आणि २०१५ साली तिला नोबेल पारितोषिक मिळाले. चीनच्या राज्यपद्धतीविषयी प्रस्तुत लेखकाला काडीचे प्रेम नाही. पण ‘स्वरस की क्वाथ’ या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी तिथल्या एका स्त्रीने जुना ग्रंथ एका हाती आणि ईथरची बाटली दुसऱ्या हाती धरली. आपल्याकडे ग्रंथ धरणारे हात बाटलीला शिवत नाहीत आणि बाटली धरणारे ग्रंथाला.

आपल्याकडे संशोधन होत नाही असे नाही, चिक्कार होते. ते कसे होते, तेही सांगायला हवे. विद्यार्थी तुळस, कडुनिंब, बेल, निर्गुडी यांपैकी एकाची पाने आणतो. सावलीत वाळवतो, भुकटी करतो, पेट्रोलियम ईथर, क्लोरोफॉर्म, मिथेनॉल आणि पाणी यांत क्रमाने अर्क काढतो. मग ड्रॅगेनडॉर्फचे द्रावण टाकले की तांबूस-नारिंगी साका : अल्कलॉइड आहे. फेरिक क्लोराइड टाकले की निळा-काळा किंवा हिरवट रंग : टॅनिन आहे. हलवल्यावर फेस टिकला : सॅपोनिन आहे. या सगळ्याचा एक तक्ता होतो, अधिक-उणे चिन्हांचा, आणि प्रबंध पूर्ण!

या तक्त्याने नेमके काय कळले? टॅनिन आणि फ्लॅव्होनॉइड यांचे अधिक चिन्ह जवळजवळ कोणत्याही झाडाच्या पानाला मिळते. आंब्याच्या तोरणालाही मिळेल. अल्कलॉइड ‘आहे’ म्हणजे कोणते, किती, कोणत्या महिन्यात, कोणत्या मातीतल्या पानात, याचे उत्तर त्या चिन्हात नसते. प्राथमिक चाचणी ही दाराची कडी वाजवणे आहे. आपले विद्यार्थी कडी वाजवून परत फिरतात आणि मार्गदर्शक त्यांना पदवी देतात. पुढच्या वर्षी दुसरा विद्यार्थी त्याच तुळशीची कडी वाजवतो. जरा साधनसंपन्न संस्थेत पाने जीसी-एमएस यंत्रात घातली जातात. यंत्राचा संगणक आपल्या संग्रहाशी ताडून पाहून तीस-चाळीस नावांची यादी छापून देतो. हे यंत्र प्रामुख्याने बाष्परूप होऊ शकणारी द्रव्येच पाहते, हे विसरून ती यादी म्हणजेच पान, असे मानले जाते. मग पैसे घेऊन छापणाऱ्या एखाद्या नियतकालिकात निबंध येतो. याला संशोधन म्हणून राष्ट्रगौरवाच्या खात्यात जमा करणाऱ्यांची कीव करावी तेवढी थोडी.

खरे काम यापुढे सुरू होते. अर्काचे घटक स्तंभातून वेगळे करणे, प्रत्येक अंशाची जैविक परीक्षा घेणे, गुण ज्या अंशात आहे त्याचा माग काढत शुद्ध द्रव्यापर्यंत पोहोचणे, त्याची रचना ठरवणे आणि शेवटी मूळ पानात त्याचे प्रमाण मोजणे. याला वर्षे लागतात. कधी अखेरीस असेही निष्पन्न होते, की गुण एकट्या द्रव्यात नाही, अनेकांच्या एकत्र असण्यात आहे. वैद्यमंडळी नेमके हेच म्हणत असतात. परंतु ते म्हणण्याचा अधिकारही मोजल्यावरच मिळतो.

ओळखच पटत नसेल तर

हा सारा विद्वानांचा खेळ आहे, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. तर मुलांच्या बुद्धीसाठी ‘ब्राह्मी’ घेणाऱ्या पालकांनी जरा थांबावे. ब्राह्मी या नावाने बाजारात दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात : एक पाणथळीतली नीरब्राह्मी, दुसरी गोल पानांची मंडूकपर्णी, जिला आपल्याकडे कारिवणा म्हणतात. दोन्ही औषधी आहेत, पण एक नव्हेत. एकीत बॅकोसाइड वर्गातली द्रव्ये, दुसरीत एशियाटिकोसाइड. ताजे पान असेल तर जाणकार नुसत्या नजरेने सांगेल. पानांची भुकटी झाली की चरकही सांगू शकणार नाहीत. सांगू शकेल ती पातळ-थर वर्णलेखनाची काचपट्टी, जिच्यावर प्रत्येक वनस्पतीचे ठिपके बोटांच्या ठशांसारखे वेगळे उमटतात.

ब्राह्मीत फसवणूक झाली तर निदान जिवावर बेतत नाही. तालीसपत्राचे तसे नाही. तालीसादी चूर्ण खोकल्यावर घरोघरी दिले जाते. त्यातले तालीसपत्र म्हणजे हिमालयातल्या ॲबीज या देवदारकुळातील वृक्षाची पाने. पण त्याच नावाने टॅक्ससची पानेही बाजारात येतात आणि टॅक्ससच्या पानांत टॅक्सीन हे हृदयावर आघात करणारे विष असते. दोन्हींची वाळलेली, चुरलेली पाने सामान्य माणसाला सारखीच. याच टॅक्सस कुळातील एका अमेरिकी वृक्षाच्या सालीतून टॅक्सॉल हे कर्करोगावरचे द्रव्य मिळाले, हे पुढे येणारच आहे. एकाच कुळात विष आणि अमृत. निवाडा फक्त परीक्षेने होतो.

आणि गुळवेल? करोनाच्या काळात घराघरांत गुळवेलीचा काढा उकळत होता. २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेचा संबंध गुळवेलीशी जोडणारा निबंध प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने तो दिशाभूल करणारा ठरवला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती हे तपासलेच नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जातही असू शकते, असा त्याचा आक्षेप होता. आक्षेप रास्त होता. आपल्या माध्यमांत टाळ्याही वाजल्या. परंतु पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांतील डॉक्टरांनी ४३ रुग्णांचा अभ्यास पुढे आणला आणि मिळवता आलेल्या नमुन्यांचे रासायनिक परीक्षणही केले. म्हणजे आक्षेप आपण घेतला आणि परीक्षण त्यांनी केले! गुळवेल निर्दोष असेल तर ते आपल्या प्रयोगशाळेतून निघालेल्या आकड्यांनी सिद्ध व्हावे. काहींच्या प्रकृतीला ती बाधत असेल तर तेही सर्वांत आधी आपल्याच वैद्यांनी सांगावे. रुग्ण आपला आहे, मंत्रालयाचा किंवा विरोधकांचा नव्हे. ‘नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी’ हे वाक्य कोणत्याही संहितेत नाही. अडुळशातल्या व्हॅसिसिनने गर्भाशयाचे आकुंचन होते, हे जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे. गरोदर स्त्रीला घरच्या घरी अडुळसा देऊ नये, हे किती बाटल्यांवर ठळक लिहिलेले असते?

ज्यांनी करून दाखवले

या देशाला ही दृष्टी नवी नाही. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ साली हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड लिहिला आणि त्याच हातांनी उभारलेल्या बेंगॉल केमिकलमधून वासकाचे सिरप, कालमेघाचा अर्क, ओव्याचे पाणी आधुनिक रीतीने तयार करून विकले. त्यांना संस्कृत पोथीची लाज वाटली नाही आणि परीक्षानळीचा विटाळही झाला नाही. असीमा चॅटर्जी या भारतीय विद्यापीठाची विज्ञानातील डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या महिला. मार्सिलिया या पाणवनस्पतीपासून अपस्मारावरचे ‘आयुष-५६’ त्यांच्या प्रयत्नांतून आले. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील परिणाम रुग्णांवर काटेकोर नोंदून १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला. सर्पगंधेने जगाची उच्च रक्तदाबाची चिकित्सा बदलून टाकली. पण तिच्या मुळातले रेसर्पिन १९५२ साली वेगळे केले ते स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीने. आघाडीवर आपले लोक, शेवटचा पल्ला परक्यांचा. हे चित्र पुनःपुन्हा दिसते.

महाराष्ट्रापुरते त्याचे सर्वांत बोचरे उदाहरण नरक्याचे. मनसुख वाणी हे नंदुरबारला जन्मलेले, मुंबई विद्यापीठात शिकलेले रसायनज्ञ. अमेरिकेत मन्रो वॉल यांच्यासमवेत त्यांनी १९६६ साली एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन आणि १९७१ साली टॅक्सॉल ही कर्करोगविरोधी द्रव्ये वेगळी केली. खानदेशच्या या सुपुत्राचे नाव खानदेशातल्या किती शाळांत ठाऊक आहे? १९७२ मध्ये गोरेगावच्या सीबा संशोधन केंद्रात गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवून दिले, की कॅम्प्टोथेसिन सह्याद्रीतल्या नरक्यात भरपूर आहे. शोध मुंबईत, झाड सिंधुदुर्ग-कोल्हापूर-साताऱ्याच्या घाटांत. पुढे कॅम्प्टोथेसिनपासून बनवलेल्या दोन औषधांना १९९६ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. आणि आपण काय केले? नरक्याची झाडे तोडून, ओंडके-फांद्यांचे तुकडे करून निर्यात केले. कच्चा माल गेला, जंगल गेले. खोडाचे पैसे तोडणाऱ्याला मजुरीच्या भावाने मिळाले आणि औषध मात्र कर्करोगाच्या रुग्णाला घर गहाण टाकून घ्यावे लागले. वसाहतकाळात कापूस जाऊन कापड येत असे, तो हाच व्यापार.

पानांच्या परीक्षेचे महत्त्व येथेही आहे. पान खुडले तर झाड जगते; मूळ खणले, साल सोलली तर मरते. दशमुळांतले बेल, टेटू, पाडळ, शिवण, टाकळी हे पाच वृक्ष मुळांसाठी खणले जातात. मुळांतली गुणकारी द्रव्ये पानांत किंवा डहाळ्यांत पुरेशी आहेत का, हे प्रत्येक वृक्षाबाबत मोजून ठरवता येते. ती असतील तर वृक्ष वाचतो; नसतील तर लागवडीची सोय तरी वेळेवर करता येते. केरळातल्या काणी वनवासी बांधवांनी शास्त्रज्ञांना आरोग्यपच्चा दाखवली ती १९८७ साली. काणी तिची फळे खात असत. तिरुवनंतपुरमच्या वनस्पती उद्यानातील संशोधकांनी पाने तपासली आणि पानांपासून ‘जीवनी’ हे औषध सिद्ध केले. १९९५ मध्ये ते कोइम्बतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला १० लाख रुपये आणि २ टक्के स्वामित्वशुल्क या बोलीवर दिले गेले आणि त्यातला निम्मा वाटा काणींना ठरला. पुढे पाने गोळा करण्यावरून वनखात्याशी तंटे झाले, नावाच्या व्यापारचिन्हावर परदेशात हात मारला गेला, व्यवहार रखडला. तरीही ज्ञान देणाऱ्याला वाटा मिळालाच पाहिजे, हे तेथे प्रथम कागदावर आले.

या वाट्याविषयी आपल्यातल्या काहींची भूमिका मला पटत नाही. परकी कंपनी वनस्पती नेते तेव्हा ती ‘जैवचौर्य’, आणि स्वदेशी कंपनी तेच करते तेव्हा ‘राष्ट्रकार्य’? २०१८ साली उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने एका सुप्रसिद्ध स्वदेशी औषधनिर्मात्यालाही स्थानिकांना लाभांश द्यावा लागेल, असा निर्णय दिला. तो योग्यच होता. २०२३ साली जैवविविधता कायद्यात दुरुस्ती होऊन ग्रंथोक्त ज्ञान वापरणाऱ्यांना आणि नोंदणीकृत वैद्यांना लाभवाटपातून सूट मिळाली. गावातल्या वैद्यावरचा कागदी जाच कमी झाला, हे चांगले. पण ग्रंथात आहे म्हणून पाला गोळा करणाऱ्या कातकऱ्याला काही द्यायचे नाही, असा तिचा अर्थ मोठे कारखानदार लावणार असतील, तर ज्यांना आपण वनवासी बंधू म्हणतो त्यांना तोंड कसे दाखवायचे?

हळदीचा आणि कडुनिंबाचा विजय आपण भाषणांत फार मिरवतो. तो कशाने मिळाला, हे सांगत नाही. हळदीने जखम भरते याचे अमेरिकी पेटंट १९९५ साली दोघा भारतीय वंशाच्याच संशोधकांच्या नावे दिले गेले होते. डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले ते लिखित पुराव्यांनी. त्यांत संस्कृत ग्रंथ होते आणि भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातला १९५३ चा एक निबंधही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. कोण्या एकाने १९५३ साली बसून प्रयोगाचा निबंध लिहिला, तो चाळीस वर्षांनी देशाच्या कामी आला. कडुनिंबाच्या बुरशीनाशकावरचे युरोपीय पेटंट २००० साली रद्द झाले आणि अपिलाचा निकाल २००५ मध्ये लागला. तेथेही साक्षी-पुरावेच उपयोगी पडले. त्यानंतर पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभे राहिले, लाखो पाठ इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, जपानी भाषांत उतरले आणि परदेशी पेटंट कार्यालयांत अनेक अर्ज त्यामुळे अडले. मे २०२४ मध्ये जागतिक बौद्धिक संपदा संघटनेत झालेल्या कराराने पेटंट मागताना वनस्पतीचा आणि ज्ञानाचा उगम सांगण्याचे तत्त्वही मान्य झाले.

हे सर्व अभिमानास्पद आहे, पण त्याची मर्यादा ओळखावी. ग्रंथालय जुने ज्ञान नवे म्हणून खपवणाऱ्याला अडवते. पानातले द्रव्य शोधून, त्याच्या रचनेत बदल करून सर्वस्वी नवा रेणू घडवणाऱ्याला ते अडवू शकत नाही, आणि अडवूही नये. ब्रोमहेक्झिनला कोणतीही संहिता आडवी आली नसती. तिथे एकच उपाय : तो रेणू आपण आधी घडवणे.

म्हणून मागणी अगदी साधी आहे. राज्यातल्या प्रत्येक आयुर्वेद महाविद्यालयाने आपल्या जिल्ह्यातली एकच वनस्पती निवडावी. अडुळसाच घ्या. नेमकी झाडे ठरवून, वनस्पतितज्ज्ञाकडून ओळख पटवून, त्यांचे नमुने संग्रहात ठेवावेत. बारा महिने दर पंधरवड्याला पाने तोडावीत. कोवळी वेगळी, जून वेगळी. स्वरस, पुटपाक, क्वाथ, हिम, फांट असे पाचही प्रकार करून प्रत्येकात व्हॅसिसिन आणि त्याच्या ऑक्सिडीकरणाने होणारे व्हॅसिसिनोन किती उतरते, ते शुद्ध प्रमाणद्रव्याशी ताडून मोजावे. यंत्र नसेल तर शेजारच्या विज्ञान महाविद्यालयात किंवा औषधनिर्माणशास्त्र संस्थेत ते आहे. तिथल्या प्राध्यापकांना वैद्यांनी सन्मानाने बोलवावे. पाने कोणी दाखवली, कोणी तोडली, त्यांची नावे आणि गाव त्या अहवालात पहिल्या पानावर असावीत आणि ग्रामपंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत एक प्रत जावी. नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाने अशा नोंदवह्यांसाठी नमुना ठरवून दिला, तर केवळ सक्तीपोटी भरलेल्या वह्यांत निदान एक पान तरी जिवंत होईल. आपल्या सेवाप्रकल्पांकडे गावोगाव पोहोचणारे कार्यकर्ते आहेत. पाने तोडून, तारीख-वार लिहून, सावलीत वाळवून पोहोचवणे हे त्यांना सहज जमणारे काम आहे. अडुळशाला फुले येण्याच्या आधी सुरुवात केली, तर पुढच्या वर्षीच्या त्याच महिन्यात पहिला तक्ता हाती येईल. आणि त्यात नुसती अधिक-उणे चिन्हे नसतील, आकडे असतील.